दाढदुखीची 'पॉवरवाली गोळी' नेमकी कोणाला मारते?

रात्री साडेनऊची वेळ. ऑफिसवरून आलेली मंडळी ठाणे स्टेशनातून पूर्वेला उतरून कोपरीत शिरतात, भाजी घेतात, दूध घेतात. अशा वेळी मेडिकलच्या काउंटरवर एक माणूस हमखास गाल धरून उभा दिसतो. "दाढ ठणकतेय. काहीतरी पॉवरवालं द्या." कात्रीने स्ट्रिप कापली जाते, चार गोळ्या कागदी पुडीत पडतात आणि माणूस घरी जातो. दोन दिवसांत ठणका थांबतो. दाढ तशीच राहते.

आमच्या शेजारच्या काकूंनी हे वर्षभरात तीनदा केलं. पहिल्यांदा होळीच्या आसपास, मग मे महिन्यात, मग भर पावसात. तिसऱ्या वेळी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, तू त्या जंतूंवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, सगळ्यात पॉवरफुल गोळी कुठली? आधीची आता लागू पडत नाही."

मी दंतवैद्य नाही. पीएचडी झाली की नावाआधी 'डॉ.' लागेल, पण तो वेगळा डॉक्टर. त्यामुळे मी गोळी सांगितली नाही, दाताच्या डॉक्टरांकडे जा एवढंच म्हटलं. पण त्यांचा प्रश्न डोक्यात राहिला. आधी लागू पडणारी गोळी आता का पडत नाही? आणि आधी तरी ती खरंच लागू पडली होती का?

दाताच्या आत काय चाललेलं असतं?

दाताला 'कीड' लागते म्हणतो आपण, पण त्यात किडा वगैरे नसतो. तोंडातले काही जिवाणू आपण खाल्लेल्या साखरेपासून आम्ल तयार करतात. यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हे नाव सगळ्यात प्रसिद्ध. या आम्लाने दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हळूहळू विरघळतं. त्याच्या खालचा थर डेंटिनचा. त्यात केसाहून कितीतरी बारीक नळ्या असतात, साधारण एक ते तीन मायक्रॉन रुंदीच्या. जिवाणू त्याहून लहान असू शकतो, त्यामुळे त्याला आत जायला हा रस्ता आयताच मिळतो.

दाताच्या मध्यभागी असतो पल्प, म्हणजे नस आणि रक्तवाहिन्या. जिवाणू जवळ आले की पल्पला सूज येते. बोटाला सूज आली तर बोट फुगतं. पल्पच्या चारी बाजूंना मात्र टणक भिंत असते, तो फुगणार कुठे? दाब वाढतो आणि दाढ ठणकते. रात्री आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून रात्री जास्त. पुढे पल्प मरतो. आता आतमध्ये रक्तपुरवठा नसलेली, ओलसर, उबदार, मेलेल्या पेशींनी भरलेली एक पोकळी उरते. जिवाणूंसाठी याहून चांगली खोली शोधून सापडणार नाही. तिथून ते मुळाच्या टोकाबाहेर हाडात उतरतात आणि तिथे पू साचतो.

हे सगळं जिवाणूंमुळेच होतं का, याचं फार सुंदर उत्तर १९६५ साली मिळालं. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी उंदरांचे दोन गट घेतले. एक गट नेहमीसारखा वाढलेला, दुसरा पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेला. दोन्हीकडे दाढेला भोक पाडून पल्प उघडा केला आणि तसाच सोडला. नेहमीच्या उंदरांमध्ये पल्प मेला, पू झाला. निर्जंतुक उंदरांमध्ये पल्प जिवंत राहिला आणि उघड्या जागेवर नवा टणक थर धरू लागला. जखम तीच होती, खाणंही तसंच होतं, फरक फक्त जिवाणूंचा.

हा एक जंतू नाही, आख्खी चाळ आहे

टीबी म्हटलं की एक जिवाणू, टायफॉइड म्हटलं की एक जिवाणू. दाढेच्या पूचं तसं नसतं. माणसाच्या तोंडात एकूण सातशेहून जास्त प्रकारचे जिवाणू सापडले आहेत आणि एका गळूमध्ये त्यांतले अनेक एकत्र नांदतात.

यांचे ढोबळ दोन गट पाडू.

पहिला गट हवेत जगणाऱ्यांचा. हे ऑक्सिजन असला तरी चालवून घेतात, नसला तरी चालवून घेतात. यात मुख्य स्ट्रेप्टोकॉकस. त्यातला अँजिनोसस नावाचा उपगट पू तयार करण्यात पटाईत.

दुसरा गट ऑक्सिजन सहन न होणाऱ्यांचा, म्हणजे विनॉक्सी जिवाणूंचा. प्रिव्होटेला, पॉर्फिरोमोनास, फ्युजोबॅक्टेरियम, पार्व्हिमोनास ही यातली नेहमीची मंडळी. दाढेच्या पूला जो विशिष्ट घाण वास येतो, तो बराचसा यांचा.

राहायला कोण कधी येतं यालाही क्रम आहे. आधी स्ट्रेप्टोकॉकस येतात आणि तिथला ऑक्सिजन संपवतात. मग विनॉक्सी मंडळींना जागा राहण्यालायक होते. एकाचा कचरा दुसऱ्याचं खाणं. आणि सगळे मिळून स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. दातांवर नखाने खरवडलं की जो पांढरट लगदा निघतो तीही बायोफिल्मच. लेव्हेनहूकने १६८३ मध्ये हाच लगदा आपल्या भिंगाखाली ठेवला आणि वळवळणारे जीव पाहून तो चकित झाला. बायोफिल्ममधल्या जिवाणूला मारायला सुट्या जिवाणूपेक्षा शंभर ते हजार पट औषध लागू शकतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

'कल्चर सेन्सिटिव्हिटी' म्हणजे काय करतात?

कुठला जिवाणू कुठल्या औषधाने मरतो, हे प्रयोगशाळेत कसं कळतं ते पाहू. माझ्या रोजच्या कामातला मोठा वेळ यातच जातो.

पूचा नमुना पोषक माध्यमावर पसरतात. वाढलेल्या वसाहतींमधून एक प्रकार वेगळा काढतात. त्याचं पाण्यात ठरावीक गढूळपणाचं मिश्रण करतात, एका मिलिलिटरमध्ये साधारण १५ कोटी जिवाणू होतील इतकं. ते एका बशीतल्या जेलीवर सारखं फिरवतात आणि वर औषध लावलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवतात. बशी रात्रभर ३५ अंशांना उबवतात. सकाळी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं, तर त्याचा व्यास मोजतात. १९६६ साली बॉअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत नीट बसवून दिली आणि आजही जगभर तीच चालते. व्यास तक्त्याशी ताडून रिपोर्टवर 'एस', 'आय' किंवा 'आर' लिहितात. एस म्हणजे औषध चालेल. आर म्हणजे चालणार नाही. आय म्हणजे मधलं, नेहमीच्या डोसवर भरवसा ठेवता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर करू. दोन औषधांपैकी ज्याचं वर्तुळ मोठं ते जास्त पॉवरफुल, असं नसतं. प्रत्येक औषध जेलीतून वेगवेगळ्या वेगाने पसरतं. एकासाठी १८ मिलिमीटर पास असतील, दुसऱ्यासाठी तेच १८ नापास. वर्तुळाची तुलना त्याच औषधाच्या तक्त्याशी करायची, शेजारच्या वर्तुळाशी नाही.

दाढेच्या पूची खरी अडचण मात्र पुढे आहे. वरची सगळी पद्धत हवेत वाढणाऱ्या जिवाणूंसाठी आहे. विनॉक्सी जिवाणू हवा लागली की मरायला लागतात. त्यांना वाढवायचं तर पू कापसाच्या काडीवर न घेता सुईने ओढावा लागतो, हवा न लागू देता प्रयोगशाळेत न्यावा लागतो, ऑक्सिजन काढून टाकलेल्या बंद बरणीत ठेवावा लागतो. जेलीत रक्त, हेमिन आणि व्हिटॅमिन के घालावं लागतं. वाढायला किमान दोन दिवस आणि काहींना त्याहून बरेच जास्त. खर्च आणि मेहनत दोन्ही मोठं, म्हणून नेहमीच्या बहुतेक प्रयोगशाळा फक्त हवेतलं कल्चर करतात.

परिणाम काय? रिपोर्टवर स्ट्रेप्टोकॉकस येतो, कारण तोच वाढला. चाळीतले बाकीचे भाडेकरू मोजणीच्या दिवशी घरी नव्हते म्हणून यादीत आलेच नाहीत. कधी कधी तर हवेत उबवलेल्या बशीवर मेट्रोनिडॅझोलची चकती ठेवलेली असते आणि पुढे 'आर' लिहिलेलं असतं. त्या 'आर'ला काही अर्थ नाही. का, ते आता पाहू.

कुठलं औषध कोणावर?

पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातलं अमॉक्सिसिलिन जिवाणूची बाहेरची भिंत बांधू देत नाही. भारतात पेनिसिलिन मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं ते आपल्याच पिंपरीत. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्याआधी हे औषध बाहेरून यायचं. आज आपण ते सुट्या गोळ्यांत कात्रीने कापून घेतो.

तोंडातले बरेचसे स्ट्रेप्टोकॉकस अजूनही अमॉक्सिसिलिनने मरतात. प्रिव्होटेलाच्या अनेक जातींनी मात्र बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम मिळवलं आहे, जे औषधाचा रेणूच तोडतं. आणि हे एन्झाइम आजूबाजूला पसरतं. म्हणजे प्रिव्होटेला स्वतः वाचतोच, वर शेजारच्या स्ट्रेप्टोकॉकसलाही वाचवतो. बशीत एकटा ठेवला की 'एस' दिसणारा जिवाणू पूमध्ये शेजाऱ्याच्या आडोशाला सुखात जगू शकतो. रिपोर्ट खोटा नसतो, पण बशी आणि गळू या दोन वेगळ्या जागा आहेत.

यावर उपाय म्हणून क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल जोडतात. ते त्या एन्झाइमला अडकवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. मेडिकलमध्ये '६२५' म्हणून मागतात ती गोळी हीच. ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. ६२५ म्हणजे जास्त पॉवर नाही, दोन वेगळ्या कामांची बेरीज आहे.

मेट्रोनिडॅझोलची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९६० च्या सुमारास ते ट्रायकोमोनास या परजीवीवरचं औषध म्हणून आलं. १९६२ मध्ये शिन नावाच्या ब्रिटिश दंतवैद्याने कळवलं की त्यासाठी हे औषध घेणाऱ्या एका बाईंच्या हिरड्यांचा तीव्र संसर्गही बरा झाला. म्हणजे विनॉक्सी जिवाणूंवर हे औषध चालतं, याचा धागा मिळाला तो दाताच्या रुग्णाकडून. गोळीतलं औषध तसं निष्क्रिय असतं. ऑक्सिजन नसलेल्या पेशीतच त्याचं विषारी रूप तयार होतं आणि ते जिवाणूच्या डीएनएचे तुकडे करतं. जिथे ऑक्सिजन आहे तिथे ते काही करत नाही. म्हणूनच हवेतल्या बशीवर त्याचं वर्तुळ येणार नाही. आणि म्हणूनच स्ट्रेप्टोकॉकसवर एकटं मेट्रोनिडॅझोल उपयोगाचं नाही.

आपल्याकडे दाढेसाठी सर्रास दिली जाणारी आणखी एक जोडी म्हणजे ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडॅझोल. ऑर्निडॅझोल हा मेट्रोनिडॅझोलचा भाऊ. ऑफ्लॉक्सॅसिन मात्र फ्लुओरोक्विनोलोन घराण्यातलं आणि तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसवर तसं कमजोर. जागतिक आरोग्य संघटना प्रतिजैविकांचे तीन गट करते : सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोल पहिल्या गटात, ऑफ्लॉक्सॅसिन दुसऱ्या. कारण याच घराण्यातली लेव्होफ्लॉक्सॅसिन आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही औषधं औषधरोधक टीबीवर लागतात. २०१२ च्या सुमारास मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या टीबीचे चार रुग्ण नोंदवले तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. ज्या पट्ट्यात टीबी इतका आहे, तिथे दाढेसाठी हे औषध उधळणं परवडणारं नाही.

मग गोळी घेतल्यावर बरं का वाटतं?

काकूंचा मुद्दा हाच होता. "दोनदा बरं वाटलं की!"

याची तीन-चार कारणं असतात. एक, सोबत दिलेली वेदनाशामक गोळी. बहुतेक श्रेय तिचं आणि नाव अँटिबायोटिकचं. दोन, पल्प मेला की नसही मरते, मग ठणका आपोआप थांबतो. आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो आणि आपल्याला वाटतं संपला. तीन, कधी हिरडीला बारीक भोक पडून पू वाहून जातो आणि दाब उतरतो. चार, मुळाच्या बाहेर हाडात उतरलेल्या जिवाणूंवर औषध खरंच काही काळ काम करतं.

पण दाताच्या आतल्या मेलेल्या पोकळीत काय? औषध पोटातून रक्तात जातं आणि रक्तातून सगळीकडे. जिथे रक्तच जात नाही, तिथे औषध जाणार कसं? वर बायोफिल्म, जिला शंभर-हजार पट मात्रा हवी. त्यामुळे आतला साठा तसाच राहतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा बाहेर येतो.

पल्प अजून जिवंत असताना होणाऱ्या ठणक्यावर तर याची थेट चाचणी झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ४० रुग्णांपैकी निम्म्यांना पेनिसिलिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी सात दिवस दिली. दुखण्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, पण आत घडतं त्याच्याशी उत्तर जुळतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या मोठ्या माणसांना दाढदुखी आणि दाढेपुरत्या गळूसाठी, दाताचे उपचार लगेच होऊ शकत असतील तर, प्रतिजैविक देऊ नये. उपचार म्हणजे दात उघडून साफ करणं, पू काढणं, रूट कॅनल किंवा दात काढणं. ताप, पसरणारी सूज असं काही असेल तर मात्र औषध जरूर द्यावं, तेही थोड्या दिवसांसाठी आणि दाताच्या उपचारांसोबत.

आणि गोळी आपल्याला हव्या त्या जिवाणूपुरती थांबत नाही. ती घसा, आतडं, त्वचा सगळीकडे फिरते. जे मरतात ते मरतात, जे तग धरतात त्यांना रिकामी जागा मिळते. रोधकतेची जनुकं जिवाणू एकमेकांना देतातही. २०१९ या एका वर्षात औषधरोधक जिवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा अंदाज आहे. अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती याचसाठी. २०१६ पासून सरकारने त्याची मोहीम चालवली : ही रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. कात्रीने चार गोळ्या कापल्या की बऱ्याचदा ती रेघ कुठल्या बाजूला गेली तेही कळत नाही.

काकूंचं पुढे काय झालं

माझ्याशी बोलल्यावर चौथ्या दिवशी काकूंची सूज गालावरून हनुवटीखाली उतरली. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना, थुंकी गिळता येईना, ताप चढला. त्यांना मधुमेह आहे. काकांनी रिक्षा करून रात्रीच रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी बाहेरून छेद देऊन पू काढला, दाढ काढली, शिरेतून औषधं दिली. सहा दिवसांनी घरी आल्या.

या पसरणाऱ्या सुजेचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये केलं. जिभेखालची जागा सुजून जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वास अडतो. प्रतिजैविकं येण्यापूर्वी यात अर्ध्याहून जास्त रुग्ण दगावत. म्हणजे मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. काकूंना त्या रात्री ती लागलीच. माझं म्हणणं एवढंच की त्या रात्री ती लागू पडायला हवी असतील, तर इतर रात्री उगाच खर्च करू नयेत.

घरी आल्यावर काकांनी मला पूचा रिपोर्ट दाखवला. एक स्ट्रेप्टोकॉकस, पुढे औषधांची यादी, बहुतेक ठिकाणी 'एस'. विनॉक्सी कल्चर केलेलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे सगळी औषधं चालत होती? मग बरं का नाही वाटलं?" मी म्हटलं, औषध चालत होतं हो, पण ते दाढेच्या आत पोचतच नव्हतं.

तर, लक्षात ठेवण्यासारखं एवढंच :

दाढ ठणकली तर वेदनाशामक काय घ्यायचं ते विचारून घ्या आणि एक-दोन दिवसांत दाताच्या डॉक्टरांना दाखवा. खाजगीत परवडत नसेल तर मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे.

दुखणं थांबलं म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. अचानक थांबलेली दाढ जास्त संशयास्पद.

मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, शेजाऱ्याला देऊ नका. डॉक्टरांनी लिहून दिल्यात तर सांगितल्या वेळेला आणि सांगितले तितकेच दिवस घ्या.

हनुवटीखाली किंवा डोळ्याकडे सूज, तोंड न उघडणं, गिळायला किंवा श्वासाला त्रास, ताप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. मधुमेह असेल तर आणखी लवकर.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी शेवटी दिलं. सगळ्यात पॉवरफुल गोळी कुठली? दाढेच्या पूसाठी ती गोळी नाहीच. पू बाहेर काढणारा दाताच्या डॉक्टरांचा हात, आणि त्यांच्या खुर्चीत वेळेवर जाऊन बसणं. काकूंनी परवाच दुसऱ्या बाजूच्या दाढेची तारीख घेतली आहे.